गणच का गेला?

१

दुसऱ्या कपाटाच्या वरच्या खणात खाकी लिफाफे तीन हवे होते आणि होते दोन.

सत्यशीलाबाईंनी हात आत घालून खण चाचपला. स्टुलावर चढून मागचा कोपरा पाहिला. मग खालचे चारही खण उपसून जमिनीवर काढले. ‘घोडेगाव बतावणी’ होता, ‘घोडेगाव वग’ होता; ‘घोडेगाव गण’ नव्हता. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक बाईंच्या पर्समध्ये आणि दुसरी शिपाई कानिफनाथच्या जुडग्यात होती. शनिवारचे सव्वादहा वाजले होते. सोमवारी अकरा वाजता त्या लिफाफ्यातलं गाणं गायलं जायचं होतं आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

संभाजीनगर रस्त्याला लागून असलेल्या या कॉलेजात नाट्य आणि संगीताचा एक छोटा विभाग होता. त्या विभागाच्या पोरांना ग्रंथालयाची वाट दाखवणं हे ग्रंथपाल सत्यशीलाबाईंचं काम. काम कसलं, रोजची झटापटच ती. ही पोरं गाऊन दाखवतील, नाचून दाखवतील, पण पुस्तकाचं नाव सांगा म्हटलं की घशाला कोरड पडायची. “मॅडम, ते निळं पुस्तक द्या ना, ज्यात रडायचं कसं ते दिलंय.” कुणाला हवी असायची चाल आणि तो मागायचा ताल. म्हणून बाई प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारायच्या, “तुला नक्की काय करायचंय?” या एका प्रश्नावर त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली होती आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

हे लिफाफेही त्याच प्रश्नातून आले होते. शेवटच्या वर्षाची यशोधरा साळवे परीक्षेसाठी ‘एखादं लोकगीत’ मागायला आली. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, तेव्हा पोरगी जरा थांबून म्हणाली, “खरं सांगू? माझ्या आजीला तिच्या वडलांचं गाणं ऐकवायचंय.”

आजी म्हणजे घोडेगावच्या बनाबाई. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील कचरू भिंगारदिवे यांनी सत्तर वर्षांपूर्वी जलसा काढला होता. डफ, तुणतुणं नि पाच-सहा माणसं घेऊन ते गावोगाव शिक्षणाची, माणुसकीची गाणी म्हणत फिरायचे. त्यांचं गाण्यांचं बाड लाल फडक्यात बांधून बनाबाईंनी पेटीत जपलं होतं. गण म्हणजे सुरुवातीचं नमन. त्या गणाची चाल बनाबाईंच्या गळ्यात अजून जशीच्या तशी होती, शब्द मात्र पहिल्या ओळीपाशी अडायचे. लिहिलेलं पेन्सिलीचं, अक्षर पुसट. भिंग नि दिवा घेऊन बसल्याशिवाय लागणारं नव्हतं.

बाड द्यायला घरातून एकट्या भीमराजचा विरोध होता. भीमराज म्हणजे यशोधराचा काका, सुप्याच्या कंपनीत कामाला. “मागं एकजन आमचे समदे फोटो घिऊन गेला, आभ्यास करतो म्हनला. आजून करतोय,” तो म्हणाला होता. त्यावर सत्यशीलाबाईंनी बनाबाईंचा हात हातात घेतला होता. “आजी, माझ्या जबाबदारीवर द्या. एक पान इकडचं तिकडं होणार नाही.”

मंगळवारी बाड आलं. दोरा कुजलेला, पानं सुटलेली. बुधवारी बाईंनी स्वतः पानं लावली आणि तीन लिफाफ्यांत घातली: एकात गणाची चौदा पानं, दुसऱ्यात हसवणुकीची बतावणी, तिसऱ्यात वग, म्हणजे कथेचा भाग. प्रत्येकावर पेन्सिलने नाव घातलं. गुरुवारी सगळं स्कॅन करायचं होतं, ते राहिलं. शुक्रवारी स्थानिक सुट्टी होती. आणि आज ही गत.

“मॅडम,” दारातून आवाज आला. यशोधरा वही-पेन घेऊन हसत उभी होती. “सोमवारी आजी नक्की येतेय. गणाची पानं द्या ना, आज उतरवून घेते.”

२

बाईंनी तिला खरं सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमत नसे. यशोधरा रडली नाही, नुसती खाली बसली, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

“परीक्षेला मी दुसरं काहीही म्हणीन मॅडम. पण आजीला काय सांगू?”

“संध्याकाळपर्यंत काही सांगू नकोस,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कानिफनाथला हाक मारली.

कानिफनाथ पन्नाशीचा, प्रामाणिक आणि बोलायला मोजका. बुधवारी तो मेव्हण्याच्या हळदीला गेला होता, गुरुवारी मात्र दिवसभर इथेच होता.

“कानिफनाथ, जलशाच्या बाडातलं काही कुणाला दिलंस का?”

“न्हाई मॅडम. त्या लाल फडक्याला म्या हातसुदीक लावला न्हाई.”

“गुरुवारी कुठल्या पोराला कपाटातलं काही काढून दिलंस?”

“येकाबी पोराला न्हाई. पोरांनी जे मागितलं ते टेबलावरचंच दिलं.” त्याच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. बावीस वर्षांत तो कधी खोटं बोलला नव्हता आणि आजही बोलत नव्हता, एवढं बाईंना कळत होतं.

मग गुरुवार आठवायला त्या बसल्या. काय दिवस होता तो! वाचनकक्ष निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी घेतलेला. तालुक्यातले दोनशे गुरुजी, चहाचे कप, खुर्च्यांची ओढाओढ. माईकवाल्याने स्कॅनरची पिन काढून आपली लावली आणि ‘चाचणी, चाचणी’ करत सगळं ग्रंथालय डोक्यावर घेतलं. त्यात संगीताचे रंगनाथ सर वर्गात सांगून बसलेले, की ग्रंथालयात घोडेगावचा गण आलाय, सगळ्यांनी बघून या. सकाळपासून पोरं तेच विचारत होती.

आणि बाराच्या सुमाराला फोन वाजला होता.

तो आठवला तशा बाई खुर्चीत सरळ झाल्या. पुरुषी आवाज होता. “घोडेगाव गण तुमच्याकडेच आहे ना?” एका कानाला फोन, दुसऱ्या कानात माईक. “आहे. दुसरं कपाट, वरचा खण. कानिफनाथकडे माग,” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवून दिला होता. कोण, कशाला, काहीही न विचारता.

म्हणजे चोराला जागा त्यांनी स्वतःच सांगितली होती.

३

पुरुषी आवाज म्हटल्यावर पहिलं नाव आलं करणचं. नाटकाचा विद्यार्थी, एकांकिका स्पर्धेच्या मागे हात धुऊन लागलेला. बाड आल्या दिवसापासून तो बाईंच्या टेबलाभोवती घुटमळत होता. झेरॉक्स मागितली तेव्हा बाईंनी साफ नाही म्हटलं होतं, कारण आधी घरच्यांची परवानगी हवी.

करणला बोलावलं तर तो येतानाच घामाघूम.

“गुरुवारी बाराला तू मला फोन केला होतास?”

“फोन? नाही मॅडम. मी तर वाचनकक्षात खुर्च्या लावत होतो, नाटकाच्या सरांनी लावलं होतं कामाला.”

“मग एवढा घाबरलायस कशाला?”

करणने खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला, सुरी ठेवावी तसा लांबूनच. “मॅडम, बुधवारी तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी फोटो काढले. वगाचे. नऊ पानं. चुकलं माझं. आत्ता पुसून टाकतो.”

“थांब. गणाचे काढलेस?”

“नाही ना.” तो ओशाळून म्हणाला. “गणात काय असतं मॅडम? नमन. माझ्या नाटकाला गोष्ट पाहिजे होती.”

बाईंनी नऊच्या नऊ फोटो पाहिले. सगळा वगच. पहिल्यांदाच एखाद्या पोराने चोरून जास्त फोटो काढले नाहीत म्हणून त्यांना वाईट वाटलं. “पुसू नकोस. यशोधराच्या घरच्यांना जाऊन स्वतः सांगायचं, कळलं?” करणने मान हलवली आणि तो सुटल्यासारखा पळाला.

रंगनाथ सर आले ते शेला सावरत. जलशावर पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. सरांनी हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

“सर, गुरुवारी तुम्ही कुठे होता?” बाईंनी विचारलं. प्रश्न जिभेवर जड होता, पण टाळून चालणार नव्हतं.

“शिर्डीला. सकाळी वर्ग घेतला नि निघालो, तिथे दुपारी गायनाचा कार्यक्रम होता. हार्मोनियम मीच वाजवत होतो, शे-दोनशे माणसांनी पाहिलंय.” सर रागावले नाहीत. उलट विचारात पडले. “पण बाई, एक कळत नाही. माझ्यासारखा माणूस चोरायला आला असता तर तिन्ही लिफाफे घेतले असते. नाटकवाला आला असता तर वग नेला असता. नुसता गण नेऊन कोण काय करणार? मांडवाच्या दारातलं तोरण तेवढं नेलं आणि आतली पंगत सोडली, असला चोर मी ऐकला नाही.”

हे बाईंनाही पटलं. चोराला गणच का हवा होता? त्या याचा विचार करत होत्या, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि यशोधरा धावत आत आली. “मॅडम, काका आलाय. मी काही सांगितलं नाही, पण माझा फोनवरचा आवाज ऐकूनच त्याला कळलं.”

४

भीमराज कंपनीच्या निळ्या शर्टातच आला होता. तो ओरडला नाही. दोन उरलेल्या लिफाफ्यांकडे त्याने पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “म्या म्हनलं हुतं.”

“हो, म्हणाला होतात,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “भीमराजभाऊ, चूक माझी आहे. पण मला एक विचारायचंय. तुम्ही गुरुवारी इथे आला होता का?”

यशोधराने चमकून काकाकडे पाहिलं. भीमराजने नजर चुकवली नाही.

“आल्तो. लपवू कशाला? बाड माघारी न्यायलाच आल्तो. दारात पाय ठेवायला जागा न्हवती, समदे मास्तर. वाटलं, येवड्या सरकारी मान्सांत कोन काय चोरनार? गेलो निघून.” तो कडवट हसला. “आन म्या न्यायचं आसतं तर तिनी लिफाफे न्हेलं आसतं मॅडम. आज्याचं बाड तोडून येक तुकडा कशाला न्हीन?”

तिसऱ्यांदा तेच उत्तर. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. करणला हवा वग. सरांना हवं सगळं. घरच्यांना हवं सगळं. रद्दीवाला असता तर त्याने कपाटच रिकामं केलं असतं. ज्याला जलसा ठाऊक आहे, असा कुणीही नुसता गण नेणार नाही.

“मग ज्याला जलसा ठाऊकच नाही, असा कुणीतरी,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण जलसा ठाऊक नसलेला माणूस फोन करून नेमका ‘घोडेगाव गण’ कसा मागेल? इथे गाडी रुतत होती.

“माजी आई सोमवारसाटी नवं लुगडं काडून बसलीया,” भीमराज म्हणाला. “बापाचं गानं आयकायचं म्हनून. चार वाजेपत्तुर थांबतो. न्हाई घावलं तर ह्ये दोन लिफाफे घिऊन जातो, आन फुडं आमच्या घरातला कागदाचा कपटाबी ह्या उंबऱ्यात येनार न्हाई.”

घड्याळात साडेबारा झाले होते.

५

एकच्या सुमाराला पहिल्या वर्षाची संस्कृती दबकत आत आली. ही इतकी लाजरी, की हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही तिचा आवाज फुटत नसे. तिच्या हातात एक खाकी लिफाफा होता.

भीमराज उठून उभा राहिला.

“मॅडम, हा परत करायचाय,” संस्कृती म्हणाली. “गुरुवारी मी गण मागितला, तर कानिफनाथकाकांनी टेबलावरचा हा दिला. पण यात गाणं एकही नाही.”

लिफाफा खाकी, तसाच. त्यावर लिहिलेलंही तेच: ‘घोडेगाव गण’. फक्त अक्षर बाईंचं नव्हतं. जाड निळ्या मार्करचं होतं.

“मग काय आहे यात?”

“नुसती नावं आहेत. सव्वीस माणसांची. प्रत्येकाच्या पुढे शाळेचं नाव आणि सही.” संस्कृतीने वही उघडली. “मला वाटलं हे जलशातले कलाकार असतील, आणि ज्या-ज्या शाळेत कार्यक्रम केला तिचं नाव पुढे लिहिलं असेल. मी सगळी उतरवून घेतली, पण यात गायचं काय ते कळेना.”

बाईंनी आतला कागद बाहेर काढला. डोक्यावर छापलं होतं: पंचायत समिती सार्वत्रिक निवडणूक, मतदान कर्मचारी प्रशिक्षण, हजेरीपत्रक.

मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसू की रडू अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, गण! झेडपीचा मतदारसंघ तो गट आणि पंचायत समितीचा तो गण! पोस्टरवर, रिक्षावर, भोंग्यावर महिनाभर दुसरं काय ऐकतोय आपण? गट आणि गण!”

यशोधराचे डोळे मोठे झाले. भीमराज अजून समजून घेत होता.

“कानिफनाथ!” बाईंनी हाक मारली. या वेळी त्यांनी प्रश्न नीट विचारला. “गुरुवारी पोरं सोडून दुसऱ्या कुणाला कपाटातून काही दिलंस का?”

“व्हय की. निवडनुकीचा मानूस आल्ता, त्याला त्याचा लिफाफा दिला,” कानिफनाथ सरळपणे म्हणाला. “तो म्हनला, मॅडमशी बोलनं झालंय, दुसरं कपाट, वरचा खन, घोडेगाव गन. बगितलं तर तितंच हुता, वर तसंच लिव्हलेलं. मला वाटलं तुमीच जपून ठिवला आसंल.”

“अरे, मग सकाळी बोलला का नाहीस?”

“तुमी बाडाचं इच्यारलं ना मॅडम. बाड लाल फडक्यात आसतं. ते तुमच्या टेबलाखाली हाय.”

बुधवारी तो हळदीला होता. बाड फडक्यातून लिफाफ्यात गेलं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे खरं बोलले होते. आयुष्यभर पोरांना ‘नक्की काय करायचंय’ विचारणाऱ्या बाई एकदाच विचारायला विसरल्या होत्या, तेही फोनवर.

“पण मॅडम,” यशोधरा म्हणाली. “निवडणुकीचे कागद तर पेटीत घालून सील करतात ना?”

भीमराजने मोटारसायकलची किल्ली उचलली. “बसा मागं,” तो बाईंना म्हणाला.

६

निवडणुकीच्या कचेरीत व्हरांड्याभर लोखंडी पेट्या मांडल्या होत्या आणि निम्म्यांवर लाखेचे सील पडलेले होते. आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज येत होता.

“गण कुठाय गुरुजी? सव्वीस माणसांचा अख्खा गण गेला कुठे? हजेरी नाही म्हणजे सव्वीस जणांना कारणे दाखवा नोटीस. नोटिसांवर सह्या करू का मी?”

“साहेब, गण मिळाला, पण...” हा आवाज बाईंनी ओळखला. फोनवरचाच होता. “पण त्यात नमन आहे.”

“काय आहे?”

बाईंना राहवलं नाही. परवानगी न घेताच त्या आत शिरल्या. “साहेब, यांचा गण माझ्याकडे आहे. आणि माझा यांच्याकडे.”

टेबलापुढे चष्मा लावलेले एक उंच गुरुजी उभे होते, कल्याण गुरुजी. प्राथमिक शाळेतले, निवडणुकीसाठी कामाला घेतलेले. हजेरीच्या सव्वीस सह्या बघून त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. मग त्यांनी आपल्या पिशवीतून, डब्याच्या बाजूचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला खाकी लिफाफा काढला.

“पेटीत नाही घातला?” बाईंनी विचारलं.

“पेटीत घालायचाच होता. गुरुवारी आमचा लिफाफा तुमच्या टेबलावर विसरला म्हणून तर फोन केला, आणि हा मिळाला तो घाईत वरचं नाव बघून तसाच पिशवीत टाकला. पण घालायच्या आधी पानं मोजायची माझी सवय. मोजायला गेलो तर पहिलंच पान...” गुरुजी थोडे लाजले. “माझे वडीलही भजनात पेटी वाजवायचे. असलं काही पेटीत सील करवेना. काल दिवसभर तुमच्या ग्रंथालयाला फोन लावला, कुणी उचलला नाही. आज सकाळपासून इथे साहेबांपुढे उभा आहे.”

“काल सुट्टी होती हो. आणि गुरुजी, परवा फोनवर मी तुम्हाला ‘कानिफनाथकडे माग’ म्हणाले. माफ करा, मला कुणी पोरगा वाटला.”

“मला वाटलं, वयाने बऱ्याच मोठ्या असतील,” गुरुजी म्हणाले, आणि साहेबांसकट सगळे हसले.

भीमराज हसत नव्हता. त्याने लिफाफा उघडून पानं मोजली. चौदा. पुन्हा मोजली. मग भिंतीला पाठ टेकून तो खाली बसला आणि बाहीने तोंड पुसत राहिला. बाईंनी त्याला पाणी आणून दिलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “मॅडम, च्या घिऊ. सकाळपून प्वाटात काई न्हाई.” दोघांनी समोरच्या टपरीवर दोन-दोन कप चहा प्यायला आणि तिथूनच यशोधराला फोन लावला. ती फोनवर आधी ओरडली, मग रडली. सकाळपासून साठलेलं सगळं तिने रडून घेतलं आणि बाईंनी तिला रडू दिलं.

७

सोमवारी विभागाच्या छोट्या सभागृहात पुढच्या खुर्चीवर बनाबाई नव्या लुगड्यात बसल्या होत्या. बाहेरगावचे परीक्षक दोन, पण सगळं लक्ष बनाबाईंकडेच. चोरून काढलेल्या फोटोंबद्दल करणने रविवारीच घोडेगावला जाऊन भीमराजची बोलणी खाल्ली होती. आता तो डफ घेऊन यशोधराच्या मागे उभा होता. संस्कृतीला तुणतुणं दिलं होतं. कल्याण गुरुजी अर्ध्या रजेवर आले होते आणि शेवटच्या रांगेत बसले होते.

डफावर थाप पडली आणि यशोधराने गण उचलला.

*आधी नमन अक्षराला, ज्यानं उघडलं दार,*
*मग नमन मंडळीला, जिचा आम्हाला आधार...*

पहिल्या ओळीला बनाबाईंचे ओठ हलले. दुसरीला थांबले, आणि मग त्या लहान मुलीसारख्या तोंड उघडं ठेवून ऐकत राहिल्या. एकेक कडवं येत होतं आणि त्या मान डोलवत होत्या, व्हय, व्हय, आसंच हुतं. शेवटच्या कडव्याला यशोधराने आवाज खाली आणला.

*अंगठा पुसला बोटावरचा, हाती धरली लेखणी,*
*कचरू म्हणे, नाव माझं लिहीन माझ्या हातानी.*

बापाचं नाव कानावर पडलं आणि बनाबाई हुंदका देऊन हसल्या. सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. शनिवारपासून छातीवर बसलेला दगड आत्ता कुठे उतरला होता.

परीक्षा आटोपल्यावर सगळे ग्रंथालयात आले. भीमराजने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. “ह्यात आज्याची पत्रं हायेत. जलशाचं आवतन आल्याली. ह्येबी ठिवा तुमच्याकडं.” मग तो मिस्कीलपणे म्हणाला, “पन लिफाफ्यावर आदी गन पुसा बरं का मॅडम.”

बाईंनी खोडरबराने ती दोनअक्षरी चूक पुसली. सगळी गफलत यातूनच झाली होती. गावाचं नाव लिहिलं, प्रकार लिहिला आणि ज्याने लिहिलं त्याचंच नाव त्या विसरल्या होत्या. या वेळी त्यांनी विचारलं, “आजी, यावर काय लिहू?”

“माज्या बापाचं नाव लिव्हा की. गन काय, कुनाचाबी आसतो. बाप माजा हाय.”

“निसतं कचरू लिव्हू नगा,” भीमराज म्हणाला. “कानिफनाथ झाडूनं लोटून द्यायचा.” कानिफनाथसुद्धा हसला.

बाईंनी पेन उघडलं, तर बनाबाईंनी हात पुढे केला. “आन हिकडं. मी लिव्हते. बापानं चौथीपत्तुर शाळंत घातलं हुतं मला.” सुरकुतलेली बोटं लिफाफ्यावर हळूहळू चालली. रेघ वाकडी झाली, काना लांबला, पण एकही अक्षर चुकलं नाही.

कानिफनाथने लिफाफा उचलला. “मॅडम, दुसरं कपाट, वरचा खन?”

“थांब,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “आधी काय लिहिलंय ते वाचून दाखव.”

कानिफनाथने लिफाफा डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने वाचलं, “कचरू भिंगारदिवे, घोडेगाव.”

“हां. आता ठेव.”